सिग्नल गेला? आधी ठरवा, सेल बिघडले की आरसा

हे लिहितेय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, बायोटेक करून लॅबला लागलेले आणि पहिल्याच आठवड्यात लेझर टेबलासमोर उभे केलेले, आणि दुसरे फिजिक्सवाले, ज्यांच्या हातात कुणीतरी फ्लास्क देऊन "जरा एवढे सेल स्प्लिट कर ना" (म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमधे वाटून लाव) म्हणून निघून गेलंय. आमच्याकडे एका बाजूला कल्चरची (सेल वाढवायची) खोली आणि पार्टिशनच्या पलीकडे ऑप्टिकल टेबल आहे, आणि टेबलावरचे आरसे लेझर वळवत वळवत शेवटी मायक्रोस्कोपवर ठेवलेल्या सेलपर्यंत आणून सोडतात. म्हणजे इमेज खराब आली तर दोष सेलचाही असू शकतो नाहीतर आरशाचा, आणि नवीन माणूस हमखास जे त्याला येतं तेच तपासत बसतो.

माझं तेच झालं. मी बायोवाली, राहते ठाण्याला, रोज पनवेल लोकलने लॅबला. पहिल्या वर्षी जुलैत माझ्या जीएफपीवाल्या (हिरवं चमकणारं प्रोटीन असलेल्या) सेलची चमक दिवसेंदिवस कमी व्हायला लागली, मी तीन आठवडे परत परत ट्रान्सफेक्शन (सेलमधे बाहेरचा डीएनए घालणं) केलं, प्लाझ्मिड (तो घालायचा गोल डीएनए) नवीन काढलं, रिएजंट नवीन मागवलं, सीरमचा लॉट बदलला, फरक शून्य. शेवटी फिजिक्सच्या सिनिअरने, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, पॉवर मीटर आणला. लेझरच्या तोंडाशी पॉवर एकदम बरोबर आणि ऑब्जेक्टिव्हमधून (मायक्रोस्कोपच्या सॅम्पलजवळच्या लेन्समधून) बाहेर पडताना निम्म्याहून कमी. टॉर्च तिरका मारून बघितलं तर एका आरशावर धुरकट थर बसलेला, आणि त्याच्या पुढच्या आरशाचा नॉब सरकल्यामुळे बीम ऑब्जेक्टिव्हच्या कडेला कापला जात होता. तीन आठवडे गेले ते गेलेच. पुढच्या वर्षी बरोबर उलटं, चार दिवस सगळे मिळून आरसे फिरवत बसलो आणि निघाला मायकोप्लाझ्मा, कल्चरमधे लपून वाढणारा एक बारीक बॅक्टेरिया.

तेव्हापासून कुठल्याही ज्युनिअरला मी पहिली गोष्ट ही शिकवते, की रोज सकाळी सेल बघायच्या आधी दोन आकडे लिहायचे.

सकाळचे दोन आकडे

लेझर चालू केल्या केल्या काही मोजू नका, अर्धा तास गरम होऊ द्या, तोवर मीडिया (सेलचं द्रव खाद्य) वॉटर बाथमधे ठेवा, फ्लास्क बघून घ्या. मग पहिला आकडा म्हणजे सॅम्पलच्या जागी पोचणारी पॉवर. दहा एक्सचा (दहापट मोठं दाखवणारा) साधा कोरडा ऑब्जेक्टिव्ह लावा, कारण ऑइलवाल्या ऑब्जेक्टिव्हला तेल न लावता मोजलं तर काही प्रकाश आतच परत फिरतो आणि आकडा खोटा येतो, आणि रोज तोच ऑब्जेक्टिव्ह, तीच लेझर सेटिंग, सेन्सर त्याच जागी. दुसरा आकडा म्हणजे फ्लुरोसंट प्लास्टिकच्या स्लाइडची चमक, तेच एक्स्पोजर, तोच गेन (कॅमेरा सिग्नल किती वाढवतो ते), इमेजची सरासरी किती येते ते. ते प्लास्टिकपण लेझरखाली हळूहळू विझतं म्हणून रोज थोडी वेगळी जागा घ्या. बाजूला खोलीचं तापमान आणि ह्युमिडिटी लिहा. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे आणि वहीतच लिहा, फोनमधे नको, कारण वही टेबलापाशीच राहते आणि तुम्ही सुट्टीवर असताना दुसऱ्याला सापडते.

आता वाचायचं असं. दोन्ही आकडे कालच्यासारखे असतील आणि तरी सेल अंधारे दिसतायत, तर आरशांना हात लावू नका, चला कल्चर रूममधे. पॉवर पडली असेल तर लेझर ते ऑब्जेक्टिव्हच्या वाटेत काहीतरी झालंय, लेझरच्या तोंडापासून सुरुवात करून एकेका आरशानंतर मीटर धरत जा, कुठे उडी मारून खाली येतो ते लगेच सापडतं. आणि पॉवर ठीक पण स्लाइडची चमक कमी, तर परतीच्या वाटेवर बघा, फिल्टर, कॅमेरा, ऑब्जेक्टिव्हच्या पुढच्या काचेवर वाळलेलं तेल. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तेलच असतं.

आरशांबद्दल थोडं

घरच्या आरशाला मुलामा काचेच्या मागे असतो, लॅबच्या आरशाला पुढे, उघडा. कुठली बाजू पुढची ते कळत नसेल तर लेन्स टिश्यूचं टोक अगदी जवळ न्या (टेकवू नका), प्रतिबिंब टोकाला भिडल्यासारखं दिसलं तर ती मुलाम्याची बाजू, मधे काचेच्या जाडीएवढी फट दिसली तर तुम्ही उलटा धरलाय.

आमच्या वाटेत पाच आरसे आहेत. दिसणाऱ्या प्रकाशात साधा ॲल्युमिनियमचा आरसा साधारण ९० टक्के प्रकाश परत देतो, चांगला संरक्षक थर असलेला चांदीचा ९७ च्या आसपास, आणि डायलेक्ट्रिक आरसा ९९ च्या वर. एका आरशाला हा फरक किरकोळ वाटतो पण पाचही आरसे ॲल्युमिनियमचे असतील तर शेवटी उरतो ५९ टक्के, चांदीचे असतील तर ८६, डायलेक्ट्रिक असतील तर ९५. डायलेक्ट्रिकमधे धातू नसतोच, टँटलम पेंटॉक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिका यांचे पातळ थर एकाआड एक चढवलेले असतात, प्रत्येक थराची ऑप्टिकल जाडी तरंगलांबीच्या पाव भाग, म्हणजे निळ्या लेझरच्या ४८८ नॅनोमीटरसाठी सिलिकाचा थर साधारण ८४ नॅनोमीटरचा, आणि प्रत्येक सीमेवरून परत आलेला प्रकाश एकाच तालात मिळून मोठा होतो. म्हणूनच हा आरसा ठराविक रंगाला आणि ठराविक कोनालाच चालतो. १०६४ नॅनोमीटरचा (इन्फ्रारेड लेझरचा) आरसा ४८८ च्या वाटेवर लावला तर बराच प्रकाश आरपार जाईल, तेव्हा डबीवरचं लेबल फाडू नका आणि माउंटवर पेनाने नंबर टाका.

धूळ दिसली की आधी रबरी ब्लोअर, फक्त ब्लोअर. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे बारीक थेंब जातात. पुसायचं असेल तर लेन्स टिश्यू आरशावर आडवा ठेवा, त्यावर चांगल्या ग्रेडच्या मिथेनॉलचा एक थेंब, आणि टिश्यू एका दिशेने हळू ओढून घ्या, एकदाच, मग तो टाकून द्या, दाबायचं नाही, घासायचं नाही. संरक्षक थर नसलेला सोन्याचा किंवा ॲल्युमिनियमचा आरसा असेल तर टिश्यूपण नको, चरे पडणारच. आणि जास्त पॉवरच्या लेझरला धुळीचा एक कण पुरतो, कण तापतो, जळतो आणि खालचा थर घेऊन जातो, तो डाग कशाने निघत नाही.

आता अलाइनमेंट, ज्याला सगळे घाबरतात. नियम एवढाच आहे की आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट बीम वळतो, म्हणजे आरसा एक मिलिरेडियन हलला तर एक मीटर पुढे ठिपका दोन मिलिमीटर सरकतो, त्यामुळे नॉब केसाएवढाच फिरवायचा. लागतात दोन आरसे आणि दोन आयरिस (मधलं भोक लहान-मोठं करता येणारे पडदे). दोन्ही आयरिस एकाच उंचीला लावा, एक दुसऱ्या आरशाच्या लगेच पुढे, एक शक्य तेवढी लांब. जवळच्या आयरिसवर ठिपका मधे आणायचा तो पहिल्या आरशाने, लांबच्या आयरिसवर आणायचा तो दुसऱ्या आरशाने. लांबची बरोबर केली की जवळची थोडी बिघडते, परत पहिला आरसा, परत दुसरा, चार-पाच फेऱ्यांत दोन्ही जुळतात. जुळत नसेल आणि उलट लांबच जात असेल तर तुम्ही आरसे उलटे वापरताय, जवळच्यासाठी दुसरा फिरवताय, थांबा आणि परत सुरू करा. आणि अलाइनमेंट होईपर्यंत पॉवर कमीत कमी.

डोळ्यांचं मात्र मी दरडावून सांगते. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या, मंगळसूत्र किंवा चेन कपड्याच्या आत. टेबलाजवळ खुर्चीत बसायचं नाही कारण बसलं की डोळे बीमच्या उंचीला येतात, स्क्रू खाली पडला तर टेबलाकडे पाठ करून वाका. गॉगल त्या त्या तरंगलांबीचाच लागतो, ४८८ चा गॉगल १०६४ ला कामाचा असेलच असं नाही. १०६४ तर दिसतच नाही, डोळा मिटत नाही, आणि तरी डोळ्याची लेन्स तो पडद्यावर नेऊन एका बिंदूत गोळा करतेच.

सेल पकडून ठेवायला आमच्याकडे तोच १०६४ वापरतात, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. आर्थर ॲश्किन यांनी प्रकाशाच्या चिमट्याने जिवंत बॅक्टेरिया धरले तेव्हा आधी हिरवा लेझर होता आणि त्यात ते मरत होते, मग १०६४ चा इन्फ्रारेड घेतला आणि ते जगले, ते काम १९८७ मधे छापून आलं आणि नोबेल मिळालं २०१८ मधे, वयाच्या ९६ व्या वर्षी. लेझरचा रंग आणि सेलचं जगणं एकमेकांत किती गुंतलंय ते यात दिसतं. निळा प्रकाश सेलला जास्त त्रास देतो. यावरूनच एक सांगते जे मला कुणी सांगितलं नव्हतं: आरसा साफ केल्यावर लेझरची जुनी टक्केवारी वापरू नका. माझ्या सेटिंगला जिथे निम्मी पॉवर पोचत होती तिथे सफाईनंतर पूर्ण पोचायला लागली आणि सेल वीस मिनिटांत फुगे सोडून मेले. म्हणून वहीत टक्के नाही, सॅम्पलवरचे मायक्रोवॅट लिहायचे.

सेलकडे वळू

आकडे ठीक आहेत, आता दोष सेलचा. आधी फ्लास्क नुसत्या डोळ्याने बघा. मीडियातला फिनॉल रेड (ॲसिडप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ) पिवळा झालाय म्हणजे ॲसिड वाढलंय, सेल फार दाटलेत किंवा बॅक्टेरिया आहेत, गढूळपणा असेल तर बहुतेक बॅक्टेरियाच. जांभळट-गुलाबी झालाय तर सीओटू नीट मिळत नाहीये, ५ टक्के आहे का बघा. तरंगणारा कापूस म्हणजे बुरशी, फ्लास्क उघडू नका, तसाच ऑटोक्लेव्हला (वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या भांड्यात). मायकोप्लाझ्मा मात्र असा दिसतच नाही, मीडिया स्वच्छ, सेल जिवंत, फक्त वाढ मंद आणि ट्रान्सफेक्शन कमी. त्याला सेल वॉलच नसते म्हणून पेनिसिलिनचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, आणि इतका बारीक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. महिन्यातून एकदा पीसीआर (डीएनए शोधणारी टेस्ट) करा, किंवा निदान होएक्स्टने (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने) रंगवून न्यूक्लियसच्या बाहेर ठिपके दिसतात का बघा. बाहेरून आलेले नवीन सेल टेस्ट होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमधे.

फिजिक्सवाल्यांना: फ्लास्कचा तळ सेलने ७०-८० टक्के भरला की स्प्लिट करायचे, पूर्ण भरू द्यायचा नाही. ट्रिप्सिन (तळाला चिकटलेले सेल सोडवणारं एन्झाइम) दोन ते पाच मिनिटं, मायक्रोस्कोपखाली गोल झालेले दिसले की लगेच सीरमवाला मीडिया घालून थांबवा. हीला (माणसाच्या कॅन्सरच्या सेलची एक लाइन) साधारण दिवसभरात दुप्पट होतात, म्हणजे शुक्रवारी पातळ लावा, सोमवारी बरोबर मिळतील. आणि इमेजिंगला नेताना फिनॉल रेड नसलेला मीडिया घ्या नाहीतर मागचा उजेड वाढतो, कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची, आणि मायक्रोस्कोपवर सीओटूची सोय नसेल तर मीडियात हेपेस (आम्लता स्थिर ठेवणारा बफर).

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच

इथे खाडी जवळ, जून ते सप्टेंबर हवा ओलीच. टेबलाच्या खोलीचा एसी रात्री बंद करू नका, बिल वाढतं म्हणून बंद करायला सांगतात पण लेन्सवर बुरशी एकदा आली की कोटिंग खाऊन जाते. एसीचा झोत मात्र टेबलावर सरळ नको, बीम थरथरतो, पुठ्ठ्याचा आडोसा चालतो. वापरात नसलेले आरसे आणि ऑब्जेक्टिव्ह डेसिकेटरमधे सिलिका जेलबरोबर, जेलचा निळा रंग गुलाबी झाला की ओव्हनमधे ११०-१२० डिग्रीला सुकवून परत भरा.

प्रत्येक सेल लाइनच्या निदान पाच-सहा व्हायल मे अखेरपर्यंत फ्रीझ करा, १० टक्के डीएमएसओ (गोठताना बर्फापासून सेल वाचवणारं द्रव), मिनिटाला एक डिग्रीने थंड, रात्रभर उणे ८० ला आणि मग लिक्विड नायट्रोजनमधे. जोराचा पाऊस लागला आणि रुळांवर पाणी आलं की ठाण्याहून येणारे आम्ही सगळे अडकतो, तेव्हा लॅबजवळ, नेरूळ-बेलापूरला राहणाऱ्या एकाला तरी मीडिया बदलणं शिकवून ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते दारावर लिहा. सीओटू सिलिंडरच्या काट्यावर विसंबू नका, आत द्रवरूप गॅस उरलाय तोपर्यंत काटा तेवढाच दाखवतो आणि द्रव संपला की झपाट्याने खाली येतो, म्हणजे शुक्रवारी भरलेला वाटणारा सिलिंडर रविवारी रिकामा. दर आठवड्याला तो वजनकाट्यावर ठेवा, वजन वहीत त्याच दोन आकड्यांच्या खाली लिहा, आणि दुसरा भरलेला सिलिंडर १ जूनच्या आधी साखळीने भिंतीला बांधून तयार ठेवा.