परळला फॉलोअपला जाताना

आईचं स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन दोन वर्षं होतील. पहिली तीन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं असतं, म्हणजे कुडाळहून मुंबईची फेरी ठरलेलीच. तारीख मिळाली की आधी तिकीट. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीत तुतारी एक्स्प्रेसला पाय ठेवायला जागा नसते. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेची सवलत मिळते, त्याचं प्रमाणपत्र आधीच्याच फेरीत हॉस्पिटलातून भरून आणा.

मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, वर्षातून एकदा. जुन्या फिल्म्स न्यायच्याच, कारण ऑपरेशनचा व्रणही कधी गाठीसारखा दिसतो आणि जुनी फिल्म शेजारी लावली की उलगडा होतो. आमच्या दोन फिल्म्स पावसाळ्यात एकमेकींना चिकटल्या, तेव्हापासून त्या पत्र्याच्या ट्रंकेत असतात. मॅमोग्रामच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ नको, त्याचे कण फिल्मवर ठिपके होऊन उमटतात.

गोळ्यांची पाकिटं उचला, काढे-चूर्णंसुद्धा.

खरी तयारी वहीची, म्हणजे डॉक्टरांना सांगायच्या तक्रारी लिहून नेण्याची. कॅन्सर परतू नये म्हणून देतात ती टॅमॉक्सिफेनची गोळी गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम करते, म्हणून पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून लाल गेलं तर लगेच सांगायला हवं. आईने ते तीन महिने अंगावर काढलं. का, तर डॉक्टरांपुढे सोबत मी, मुलगा. "तुज्यासमोर कसा सांगू?" आता काकी आत जाते, मी बाहेर फाइल धरून बसतो. त्याच कामाची लेट्रोझोलची गोळी चालू असेल तर सांधे धरतात, हाडं विरळ होतात. हाडांच्या तपासणीचं विचारा. व्रणावर, काखेत, दुसऱ्या बाजूला नवीन गाठ, दोन-तीन आठवडे न हटणारं हाडाचं दुखणं, खोकला, दम हेही लिहा.

काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूची बांगडी घट्ट होतेय का, म्हणजे हात सुजतोय का, ते बघा. त्याच हाताला माशाचा काटा लागतो, काजूचा चीक भाजतो. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तारखेची वाट न बघता गावातल्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा.

वाडीत कुणीतरी "पेट स्कॅन करून घ्या" म्हणणारच. तक्रार नसताना पेट स्कॅन (सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा स्कॅन) किंवा ट्यूमर मार्कर (कॅन्सरची रक्ततपासणी) दरवेळी करत नाहीत. खोट्या शंकेपायी नुसती धावपळ होते.

परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, एखादी तपासणी दुसऱ्या दिवसावर जातेच.