ॲप तपासायला फोन घ्यायचाय? आधी गावातले फोन बघा

मागच्या हंगामात मी कापूस वेचणीच्या हिशेबाचं छोटं ॲप केलं. कोणी किती किलो वेचला, दर काय, उचल किती घेतली आणि बाजाराच्या दिवशी चुकारा किती द्यायचा, एवढंच त्यात होतं. माझ्या फोनवर सगळं नीट चाललं. शेजारच्या काकूंच्या फोनवर टाकून दिलं, तर त्या म्हणाल्या, “बाबू, बटन कुठी आहे? दिसूनच नाही राह्यलं.”

काकूंनी अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती. ‘जतन करा’ हे बटण पडद्याखाली गेलं होतं आणि ‘वेचणी’वरची वेलांटी अर्धी कापली जात होती. तेव्हापासून मी ॲपसाठी फोन निवडण्याची सुरुवात दुकानात करत नाही, गावात करतो.

पहिलं काम हेच. तुमचं ॲप जे वापरणार, त्यांच्यापैकी दहा-बारा जणांचे फोन हातात घेऊन बघा. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा आणि अँड्रॉइडची आवृत्ती, रॅम, मोकळं स्टोरेज, अक्षरांचा आकार हे सगळं वहीत लिहून घ्या. काच फुटलेली आहे का, तेही लिहा. फुटलेल्या कोपऱ्यात बटण ठेवलं तर ते दाबलं जाईलच असं नाही.

आता खरेदी. माझं मत स्पष्ट आहे: एकाच महागड्या फोनवर सगळे पैसे घालू नका, दोन फोन ठेवा. एक मध्यम किमतीचा नवा आणि एक जुना, दोन-तीन जीबी रॅमचा, अँड्रॉइड ९ किंवा १० असलेला. असा फोन बहुतेक घरांत कपाटात पडलेलाच असतो. लॅपटॉपवरच्या एम्युलेटरवर (पडद्यावर चालणारा नकली फोन) भिस्त ठेवायची, तर ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरसोबत तो चालवायला गूगल १६ जीबी रॅम सांगतं. आपल्यापैकी अनेकांचा लॅपटॉप ८ जीबीचा. खरा फोन जोडला की लॅपटॉपवरचा तो भार उतरतो.

नव्या फोनमध्ये अँड्रॉइड १५ किंवा पुढची आवृत्ती असावी. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर टाकायचं नवं ॲप किमान अँड्रॉइड १५ला धरून बनवावं लागतं आणि अशा ॲपचा पडदा त्या फोनवर अगदी कडेपर्यंत पसरतो. खालचं बटण फोनच्या स्वतःच्या पट्टीखाली दडतंय का, हे जुन्या फोनवर कळणारच नाही. खोक्यावर ‘४+४ जीबी’ लिहिलं असेल तर पहिलाच आकडा धरा. दुसरा स्टोरेजमधून उसना घेतलेला असतो. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे मी फारसं बघत नाही. पडदा उन्हात वाचता येतो का, हे मात्र दुकानाबाहेर येऊन बघाच. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की तापलेला फोन स्वतःच उजेड कमी करतो.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि डेटा केबल सोबत न्या. निव्वळ चार्जिंगची केबल चालत नाही, तिच्यातून फक्त वीज जाते. दुकानदाराला दहा मिनिटं मागा. ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवा, डेव्हलपर पर्याय उघडतील. यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपवरून फोनमध्ये ॲप टाकून चुका शोधायची सोय) चालू करा आणि लॅपटॉपवर ‘एडीबी डिव्हायसेस’ (adb devices) ही आज्ञा देऊन फोन दिसतो का बघा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये केबलनं ॲप टाकायला सिमकार्ड घालून त्यांच्या खात्यात लॉगिन करावं लागतं, ते आधीच विचारा. अँड्रॉइड ११पासून केबलशिवाय, वायफायवरूनही डीबगिंग होतं.

जुना फोन बाहेरून घेणार असाल तर घाई नको. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा. मग इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून ते १५ आकडे टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. विकणाऱ्याला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर फोन रीसेट केल्यावर तो जुनाच पासवर्ड मागत बसेल.

मग शेतात जा. मी दुपारी बारा वाजता, धुऱ्यावर उभं राहून तपासतो. सिमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क टूजीवर टाका (जिओचं टूजी नाही, त्यासाठी दुसरं सिम लागेल), नोंद करा, मग फ्लाइट मोड लावून आणखी एक करा. दोन्ही नोंदी राहिल्या पाहिजेत. फोन खिशात ठेवून तासभर विसरा. काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर बॅटरी वाचवण्यासाठी मागचं ॲप बंद करून टाकतं आणि संध्याकाळची आठवण वाजतच नाही. ॲपमध्ये असा गजर असेल तर तशा एका कंपनीचा फोन तपासणीत हवाच. शेवटी अक्षरं सगळ्यात मोठी करा आणि ‘वऱ्हाडी’, ‘तुऱ्हाट्या’, ‘सर्की’ हे शब्द वरून-खालून कापले जात नाहीत ना, ते बघा.

आयफोनची घाई करू नका. त्याचं ॲप बांधायला मॅक लागतो, शिवाय ॲपलचं वर्षाचं शुल्क ९९ डॉलर. गूगलचे २५ डॉलर एकदाच भरायचे. ग्राहकानं मागितलं आणि त्याचे पैसे दिले, तर बघता येईल.

प्ले कन्सोलवर, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप टाकायच्या गूगलच्या साइटवर, नवं वैयक्तिक खातं उघडताना हाती खरा अँड्रॉइड फोन असल्याची पडताळणी होते. ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस तपासणीत राहावं लागतं. ही माणसं शहरातल्या मित्रांमधून गोळा करू नका. वहीत ज्यांचे फोन लिहून घेतलेत, त्यांनाच विचारा. माझ्या यादीत पहिलं नाव काकूंचं होतं.