सारखी घाईची लघवी लागते? घोट्यावर टेन्स मशीन असं लावा

लघवी एकदम अशी लागते की बाथरूम गाठेपर्यंत जीव मुठीत, रात्री पण उठउठ, याला डॉक्टर ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. त्यावर टेन्स मशीनने (त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून हलका करंट देणारं छोटं यंत्र) पायाला करंट द्यायचा ऐकून लोक हसतात, पण घोट्यामागून तळव्यात जाणारी टिबियल नस आणि मूत्राशयाच्या नसा मणक्यात खाली एस२-एस३ ला (हे कमरेखालच्या नसांचे क्रमांक) एकत्र येतात, म्हणून इथून दिलेला सिग्नल तिकडची घाई कमी करतो.

आधी डॉक्टरांकडून इन्फेक्शन, शुगर, प्रोस्टेट बघून घ्या, लघवीतून रक्त जात असेल तर मशीन वगैरे राहू द्या, पहिले तपासणी. पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर हे करायचंच नाही. पाय बधिर असेल तर विचारल्याशिवाय नको.

आता पॅड, सगळी गंमत इथेच आहे. मशीन बंद ठेवून एक पॅड आतल्या घोट्याच्या हाडामागे लावा, दुसरं त्याच रेषेत साधारण १० सेंमी वर, नडगीच्या मागे. मोड साधा कंटिन्युअस (सलग), बर्स्ट (थांबून थांबून झटके) नको, १० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १० झटके (काही ठिकाणी २० देतात), पल्स विड्थ म्हणजे एका झटक्याची लांबी २०० मायक्रोसेकंद. मग करंट हळूहळू वाढवा, पायाचा अंगठा हलला किंवा तळव्यात मुंग्या गेल्या की समजा नस सापडली, आणि नुसतं पॅडखालीच टोचत असेल तर बंद करून पॅड थोडं सरकवा, करंट वाढवत बसू नका. अंगठा हलायला लागला की किंचित कमी करा आणि ३० मिनिटं निवांत बसा. दुखायला अजिबात नको.

आठवड्यातून किती वेळा ते फिजिओ ठरवतील, क्लिनिकमध्ये सुईने करतात ते आठवड्याला एकदा असे १२ सेशन असतात, घरी पॅडवाल्याला जास्त वेळा करतात. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही, म्हणून सुरू करायच्या आधीच तीन दिवस लिहून ठेवा कधी गेलात, किती झाली, घाई होती का, आणि महिन्याने परत लिहा, नाहीतर सुधारणा झाली तरी कळत नाही.

खोकताना शिंकताना गळते ती वेगळी भानगड, तिथे पेल्विक फ्लोअरचे (लघवी धरून ठेवणाऱ्या खालच्या स्नायूंचे) व्यायाम लागतात, घोट्याने काही होणार नाही.

१२ आठवड्यांनी पण जैसे थे असेल तर युरोलॉजिस्टकडे परत जा, औषधं, मूत्राशयात बोटॉक्स, नाहीतर एस३ नसेजवळ बसवायचं छोटं इम्प्लांट, हे पर्याय असतात.