पनामाची माणसं लिहिताना या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी क्विझचे प्रश्न आणि स्पर्धा परीक्षांची टिपणं तपासते. 'पनामा' असं शीर्षक दिसलं की चहा ठेवते आणि लाल पेन शोधते. देशाची लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीही नाही, पण चुका मात्र खंडाला पुरतील एवढ्या. त्याही दरवर्षी त्याच.

पहिली चूक आडनावाची. मागे एका पुस्तिकेचं कच्चं टिपण आलं होतं. पान 6 वर 'हेरेरा यांनी अमेरिकेशी कालव्याचा करार केला', पान 7 वर 'तोरिहोस-कार्टर करार', आणि शेवटच्या सूचीत हेरेरा व तोरिहोस ही दोन वेगळी माणसं. मी लिहिणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पूर्ण नाव ओमार तोरिहोस हेरेरा. मधलं वडिलांचं, शेवटचं आडनाव. बरोबर ना?"

आपल्या हिशेबाने अगदी बरोबर. शाळेच्या दाखल्यापासून आपण तेच शिकलोय. पण स्पॅनिश रीत अशी की आधी वडिलांचं आडनाव आणि त्यानंतर आईचं माहेरचं. माणूस ओळखला जातो तो बहुधा पहिल्या आडनावाने. म्हणून ओमार तोरिहोस हेरेरा हे तोरिहोस, लष्करशहा मानुएल आंतोनियो नोरिएगा मोरेनो हे नोरिएगा आणि बॉक्सर रोबेर्तो दुरान सामानिएगो हा दुरान. मी काय करते सांगू? अशा नावातल्या आईच्या आडनावाखाली पेन्सिलने रेघ मारते आणि सूची करताना त्या रेघेकडे बघतच नाही. फार शास्त्रीय पद्धत नाही, पण हेरेरा पुन्हा सूचीत घुसला नाही.

आडनावाला जोडूनच उच्चार येतो. 'टोरिजोस' नको, तोरिहोस. माजी राष्ट्राध्यक्ष 'गिलेर्मो एन्डारा' नको, गियेर्मो एन्दारा. मात्र हा नियम पाठ करून उत्साही मंडळी सगळ्या पनामावरच स्पॅनिश रंग फासतात, आणि तिथे दुसरी चूक होते. रेल्वे आणि कालवा बांधायला जमैका, बार्बेडोस आणि आसपासच्या बेटांवरून हजारो मजूर आले आणि तिथेच राहिले. त्यांच्या नातवंडांची नावं इंग्रजी वळणाची आहेत. धावपटू लॉइड लाबीच याचे आईवडील जमैकाचे. गायक रूबेन ब्लेड्स याचे आजोबा सेंट लुसियाचे, म्हणून घरात उच्चार 'ब्लेड्स', जरी लॅटिन अमेरिकेत निम्मी जनता 'ब्लादेस' म्हणत असली तरी. बेसबॉलवाला रॉड करू याचं नाव 'कॅर्यू' असं लिहिलेलं मी इतक्या वेळा खोडलंय की ते आता झोपेतही खोडता येईल. पनामात माणसाचं नाव कुठल्या बोटीतून आलं हे बघावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवशिक्यांना पाच मिनिटं म्हणजे शिक्षा वाटते.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्यांना झोडपायचा मला हक्क नाही.

एका आंतरमहाविद्यालयीन क्विझची अंतिम फेरी होती आणि प्रश्न मी विचारत होते. प्रश्न असा: 31 डिसेंबर 1999 रोजी पनामा कालवा अमेरिकेकडून पनामाकडे आला, तेव्हा पनामाच्या राष्ट्राध्यक्षपदी कोण होतं? सोलापूरच्या संघातल्या एका किडकिडीत मुलाने बझर दाबला आणि म्हणाला, "मिरेया मोस्कोसो." माझ्या हातातल्या कार्डावर उत्तर होतं 'ओमार तोरिहोस'. मी म्हटलं, "चूक." गुण कापले. सोलापूर हरलं.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला. आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, तोरिहोस 1981 ला विमान अपघातात गेले."

ते कार्ड मीच लिहिलं होतं, आदल्या रात्री साडेअकराला, कुणाच्या तरी जुन्या प्रश्नसंचातून उतरवून. कालवा पनामाला देण्याचा करार 7 सप्टेंबर 1977 रोजी तोरिहोस आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी केला, एवढं डोक्यात होतं. करार ज्याने केला त्यानेच कालवा घेतला असणार, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं. मधली बावीस वर्षं गायब. शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती: ओमार तोरिहोस राष्ट्राध्यक्ष कधी नव्हतेच! 1968 च्या लष्करी बंडानंतर सत्ता त्यांच्या हातात आली. 1972 च्या राज्यघटनेने त्यांना 'पनामाच्या क्रांतीचा सर्वोच्च नेता' म्हटलं. अध्यक्षाच्या खुर्चीत तेव्हा देमेत्रियो लाकास बसलेले होते. नोरिएगाचंही तेच. 1983 पासून 1989 च्या अमेरिकन आक्रमणापर्यंत देश त्याच्या मुठीत होता, पण राष्ट्राध्यक्ष वेगवेगळे येत-जात राहिले. 'पनामाचे माजी राष्ट्राध्यक्ष नोरिएगा' हे वाक्य दिसलं की मी आजही ते पान बाजूला ठेवते.

तेव्हापासून सवय लावून घेतली. राजकारणातलं नाव वहीत उतरवताना मी सगळ्यात आधी मृत्यूचं साल लिहिते, मग पद आणि मग बाकीचं कौतुक. नवरा म्हणतो, वही श्राद्धाची वाटते. वाटू दे.

या वहीमुळे एक गंमतही कळली. 1968 मध्ये आर्नुल्फो आरियास तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले आणि अवघ्या अकरा दिवसांत लष्कराने त्यांना घालवलं. बंड करणाऱ्यांत ओमार तोरिहोस होते. मिरेया मोस्कोसो या त्याच आर्नुल्फोंच्या पत्नी. पती 1988 साली वारले. 1999 च्या निवडणुकीत बाईंनी कुणाला हरवलं? मार्तिन तोरिहोसला, म्हणजे ओमारच्या मुलाला. आणि 2004 मध्ये तोच मार्तिन निवडून आला. त्याच्या सरकारात पर्यटनमंत्री कोण, तर रूबेन ब्लेड्स, जो 1994 मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहून मोस्कोसोंच्या मागे तिसरा आला होता. एवढं एकदा नीट वाचलं, तर बाप-लेकाची गल्लत होणार नाही आणि 2006 चं कालवा रुंदीकरणाचं सार्वमत ओमारच्या नावावर जाणार नाही. पण लोकांना गोष्ट नको असते, यादी हवी असते. यादी पाठ करतात आणि पहिल्याच आडव्या प्रश्नाला पडतात.

हो, आणि शांततेचं नोबेल मिळवणारे ऑस्कर आरियास कोस्टा रिकाचे. आडनाव सारखं म्हणून शेजाऱ्याला घरात घेऊ नका.

पुढची चूक जन्मगावाची. कालव्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी 1903 च्या करारानंतर अमेरिकेच्या ताब्यात होती. तो 'कॅनाल झोन' 1 ऑक्टोबर 1979 ला संपला. अमेरिकेचा सिनेटर जॉन मॅककेन 1936 साली तिथल्या कोको सोलो नाविक तळावर जन्मला, तो अमेरिकन. रॉड करू 1945 साली त्याच झोनमध्ये गातूनजवळ, चालत्या आगगाडीत जन्मला, तो पनामाचा. गाडीत डॉ. रॉडनी क्लाइन नावाचे डॉक्टर मदतीला आले, म्हणून मुलाचं नाव रॉडनी क्लाइन. कादंबरीकार कार्लोस फुएन्तेसचा जन्म पनामा सिटीतला, कारण वडील राजदूत-कचेरीत होते. लेखक मात्र मेक्सिकोचा. उलट बाजूने बिली कॉबम. झाकीर हुसेन यांच्या 'शक्ती'मुळे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आपल्याकडे माहीत आहे. त्याच्या आधीच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात ड्रमवर कॉबम होता. ऑर्केस्ट्राचं नाव वाचून एकाने कॉबमला थेट 'भारतीय वंशाचा' करून टाकलं होतं. जन्म पनामाचा, लहानपणी न्यूयॉर्कला गेलेला. मी 'जन्म कुठे' आणि 'माणूस कुठला' हे दोन रकाने वेगळे ठेवते. एकात भागवायला गेलात की फसलात.

खेळाचे आकडे क्रिकेटच्या चष्म्यातून वाचू नका. करूची कारकिर्दीतली सरासरी .328 आहे, 328 नव्हे. बॅटला किती वेळा उभा राहिला त्याच्या किती हिस्स्यात हिट मारला, एवढाच तो हिशेब. मारियानो रिवेराच्या 652 'सेव्ह'चं भाषांतर एकाने 'गोल अडवले' असं केलं होतं. बिचारा रिवेरा बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता! संघ थोडक्या फरकाने पुढे असताना शेवटी येऊन ती आघाडी राखणं, याला सेव्ह म्हणतात. भाषांतराच्या यंत्राला खेळ कळत नाही, आणि यंत्रावर विसंबणाऱ्यालाही कळत नाही.

'देस्पासितो' गाणं लुईस फोन्सीबरोबर लिहिणारी एरिका एन्देर पनामाची आहे. सगळं पोर्तो रिकोच्या खात्यात टाकू नका.

दुरानबद्दल लिहिताना लोक 'नो मास'वर, म्हणजे 'आता पुरे'वर थांबतात. नोव्हेंबर 1980, न्यू ऑर्लिन्स, आठव्या फेरीत शुगर रे लेनर्डसमोर पाठ फिरवली, संपलं. अहो, त्याच वर्षी जूनमध्ये माँट्रियलला त्याने लेनर्डला हरवलं होतं! आणि 1989 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, आयरन बार्कलीला हरवून चौथ्या वजनगटाचं विजेतेपद घेतलं. शिवाय 'नो मास' हे शब्द आपण उच्चारलेच नाहीत, असं तो सांगत आलाय. तेव्हा अवतरणचिन्ह टाकताना जरा हात आखडा.

आणि ऑलिंपिक. मागच्या महिन्यात माझीच नवी पुस्तिका छापून आली. दोनच दिवसांत सोलापूरच्या त्या मुलाचा मेसेज आला. आता तो स्वतः क्विझ घेतो. "मॅडम, पान 14. बीजिंग 2008, इर्विंग सालादिनो, लांब उडी, 8.34 मीटर, हे पनामाचं पहिलं सुवर्ण. पहिलं पदक नव्हे. लाबीचची दोन कांस्यं 1948 ची, 100 आणि 200 मीटर."

खाली एक हसरा चेहरा पाठवला होता.