गावच्या घरात आई-बाबा एकटे: कॅमेरा लावायचा तर कसा

मुलगा बोटीवर, मुलगी पुण्याला किंवा दुबईला, आणि गोव्यात पेडणे-डिचोलीकडच्या प्रशस्त घरात दोघेच वयस्क. अशा घरांत चवथीला (गणेशचतुर्थीला) आलेली मुले परत निघण्याआधी कॅमेरे बसवून जातात. सुट्टी संपत आलेली असते, बसवणारा मिळेल त्या दिवशी पकडायचा असतो, आणि दुकानात संच मिळतो चार कॅमेऱ्यांचा. तीन बाहेर लागतात. चौथा वाया कशाला घालवा म्हणून हॉलमध्ये लागतो. नंतरची बहुतेक कुरबुर या चौथ्या कॅमेऱ्याची असते.

तेव्हा दुकानात जाण्याआधी ठरवा, आपल्याला कळायला काय हवे आहे. फाटकाशी कोण आले, मागचे दार कोणी ढकलले, हे कळायला कॅमेरा लागतो. आई सकाळी उठली का, हे कळायला लागत नाही. त्याला निराळी, स्वस्त आणि कमी आगाऊ साधने आहेत. ती पुढे येतील.

आधी चित्र दाखवा, मग भोक पाडा

"कॅमेरा लावूया का?" असे विचारले तर "तुम्हाला बरे वाटत असेल तर लावा" हेच उत्तर येते. त्याला होकार धरू नका. कॅमेरा जिथे बसणार तिथे स्टुलावर उभे राहून मोबाईल धरा, दोन मिनिटे चित्रण करा आणि ते दोघांना दाखवा. सोप्यावर बाबा उघड्या अंगाने पेपर वाचताहेत, आई न्हाऊन ओल्या केसांनी तुळशीकडे चालली आहे, हे रोज कोणाच्या तरी फोनवर जाणार हे तेव्हा कळते. कॅमेऱ्याला हो म्हटलेली माणसे चित्र पाहिल्यावर त्याची जागा बदलायला सांगतात. हे भिंतीला भोक पडण्याआधी झालेले बरे.

त्याच वेळी बाकीचेही बोलून घ्या: चित्र कोणाकोणाच्या फोनवर दिसणार (जावई? नातू?), रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार, आणि घरातल्या माणसाला फोन न वापरता सगळे बंद करता येईल का. चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरच्या सॉकेटला हात पोचेल असे बटण द्या आणि त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवा. बटण आपल्या हातात आहे हे माहीत असलेली माणसे ते सहसा बंद करत नाहीत.

ॲपमधल्या सूचना रात्री ११ ते पहाटे ५ एवढ्याच वेळेसाठी चालू ठेवा, आणि त्याही फक्त माणूस दिसला तर. दिवसभर सूचना चालू ठेवल्या तर मांजर, माडाची झावळी आणि पोदेराची (पाववाल्याची) सायकल मिळून शंभरेक वेळा फोन वाजतो; आठवड्याभरात मुलगा सगळ्याच सूचना बंद करतो आणि कॅमेरा शोभेचा उरतो. दुसरा तोटा घरात होतो. "काल दुपारी पडवीवर कोण बसले होते?" असा फोन एकदा आला की आई शेजारणीला बसायला बोलवायचे सोडते.

जागा, उंची, भिंग

तीन जागा पुरतात: फाटक, पुढचे दार, परसदार. उंची अडीच ते तीन मीटर. त्याहून वर नेला की टोप्या आणि हेल्मेटच दिसतात.

भिंगाचा हिशेब दुकानदार सहसा सांगत नाही. चेहरा ओळखू यायला चित्रात दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे १९२० पिक्सेल देतो, म्हणजे पावणेआठ मीटरपेक्षा रुंद जागा त्यात घेतली की चेहरा गेला. २.८ मिमीचे रुंद भिंग ही मर्यादा तीन मीटरवरच गाठते, ४ मिमीचे साडेचार मीटरच्या आसपास. म्हणून दारावर २.८ मिमी चालते. फाटक दारापासून दहा मीटरवर असेल तर कॅमेरा फाटकाच्या खांबावर न्या किंवा मोठ्या अंकाचे भिंग घ्या. लांबच्या फाटकासाठी रुंद भिंग लावले तर चोर दिसतो, पण कोण ते कळत नाही. उलट शेजाऱ्याची विहीर आणि अर्धा वाडा मात्र विनाकारण चित्रात येतो.

तो काढायला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हसी मास्क" असतो. शेजाऱ्याची खिडकी, न्हाणी, विहीर, कपडे वाळत घालायची दोरी यांवर काळे चौकोन ओढा. हा मास्क कॅमेऱ्याच्याच मेनूत लावायचा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्येही ती जागा काळीच राहते; नुसत्या ॲपमध्ये लपवलेली जागा रेकॉर्डिंगमध्ये तशीच असू शकते. मास्क झाल्यावर शेजाऱ्याला बोलावून पडद्यावरचे चित्र दाखवा. कॅमेरा साफ करताना हलला की चौकोनही सरकतात, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. आवाजाचे रेकॉर्डिंग बंद करा. पुष्कळ कॅमेऱ्यांत ते मुळातच चालू येते, आणि पडवीवरच्या गप्पा साठवून घराची सुरक्षा वाढत नाही.

पाऊस, खारे वारे आणि चिरा

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत साधी प्लॅस्टिकची गिट्टी दोन पावसांत सैल होते, कारण चिरा सच्छिद्र आणि पाणी धरणारा. लांब फास्टनर वापरा किंवा वळचणीखालच्या लाकडी वाशावर बसवा. पागोळ्यांच्या रेषेच्या आत, पण कौलांपासून हातभर खाली. फार जवळ नेला तर रात्री इन्फ्रारेड उजेड वाशावर आपटून परततो आणि चित्र पांढरे होते. जाळी धरली तरी तेच होते, म्हणून कोळिष्टके महिन्यातून एकदा काढा.

कॅमेरा आयपी६६ किंवा आयपी६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा हवा, पण पाणी बहुधा कॅमेऱ्यात शिरत नाही, जोडात शिरते. जोड बंद डब्यात ठेवा, केबल खालून आत घ्या आणि त्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाते. केबल शुद्ध तांब्याची कॅट-६ मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते आणि खाऱ्या हवेत जोडाशीच कुजते. वीज आणि डेटा एकाच केबलने देणाऱ्या पीओई पद्धतीत १०० मीटरपर्यंत केबल नेता येते, आणि कॅमेऱ्याजवळ अडॅप्टरचा लोंबकळता ठोकळा राहत नाही. मे महिन्यातल्या आणि पाऊस परततानाच्या विजा रेकॉर्डर जाळतात. आर्थिंग तपासून घ्या आणि विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा.

तीन-चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून साधारण ५० वॅट खातात, महिन्याला ३६ युनिट. राउटरसकट सगळे इन्व्हर्टरवर घ्या. इंटरनेट गेले तरी रेकॉर्डरच्या डिस्कवर चित्र साठतच राहते. फक्त दुबईहून दिसत नाही.

डिस्क किती मोठी? दर सेकंदाला २ मेगाबिट धरले तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी भरतो. तीन कॅमेऱ्यांना १ टीबी डिस्क जेमतेम १५ दिवस पुरते. घराला तेवढे पुरे. सहा महिन्यांचा साठा करण्यात खर्च आहेच, शिवाय जुनी भांडणे उकरायला ते आयते साहित्य होते.

चावी कोणाकडे

९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या नव्या निकषांवर तपासणी होऊन बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी लागते. नोंदणीचा शिक्का पाहा. जुना माल अर्ध्या किमतीत मिळाला तरी घेऊ नका. बसवणारा सहसा स्वतःच्या फोनवर खाते उघडतो आणि सोपा पासवर्ड ठेवून जातो. तो निघाल्यावर मुख्य खाते घरच्या माणसाच्या नावे करा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची ओळखतपासणी चालू करा, आणि राउटरमधले यूपीएनपी व पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून आत यायच्या वाटा, बंद करा. बाकीच्या भावंडांना ॲपमधून "फक्त पाहण्याचा" हक्क द्या. एकच पासवर्ड सगळ्यांना दिला की कोण कधी पाहत होते याचा माग राहत नाही.

घराच्या आत

पडण्याची भीती खरी आहे, पण माणूस पडतो ते बहुधा न्हाणीत किंवा रात्री उठताना, म्हणजे जिथे कॅमेरा लावूच नये तिथे. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या दाराला चुंबकी सेन्सर लावा: सकाळी ८ पर्यंत दार उघडले नाही तर सूचना. बोळात हालचालीचा सेन्सर लावा. तो कोण आहे ते दाखवत नाही, कोणी हलले एवढेच सांगतो. गळ्यात किंवा मनगटावर मदतीचे बटण द्या, आणि ते न्हाणीतही घालता येईल असे पाणीरोधक घ्या, नाहीतर नेमके तिथेच काढून ठेवले जाते. सेन्सरची बॅटरी संपते तेव्हा तो ओरडत नाही, गप्प होतो. दर चवथीला बॅटरी बदलून टाका.

आजार असा असेल की आत कॅमेरा लावावाच लागतो, तर भिंगावर सरकती झडप असलेला घ्या आणि पलंगाऐवजी दाराकडे वळवा.

सांभाळायला बाई ठेवली असेल तर तिला पहिल्याच दिवशी कॅमेरे दाखवा आणि तिला वाचता येते त्या भाषेत, मराठी, हिंदी किंवा कन्नड, लिहून द्या. ती झोपते किंवा कपडे बदलते तिथे कॅमेरा ठेवणे हा गुन्हा होऊ शकतो: स्त्रीचे खासगी क्षणी चित्रण करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे कैद आहे. घरगुती वापराला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून सूट असली तरी ती इथे कामी येत नाही. वरची खोली पर्यटकांना देत असाल तर आणखी एक: एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे, बंद ठेवलेलेसुद्धा, पूर्ण मना केले आहेत, बाहेरचे असतील ते आधी सांगावे लागतात.

घर सामायिक असेल तर

गोव्यात वाटण्या न झालेली घरे पुष्कळ. एका भावाने राजांगणात (घराच्या आतल्या चौकात) कॅमेरा लावला की तो दुसऱ्याच्या दारावरही असतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशाच एका भावांच्या वादात, घराच्या राहत्या भागात सहनिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत असे म्हटले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. म्हणून जागा आणि दिशा कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. भाऊ नाही म्हणाला तर आपल्या स्वतंत्र दारापुरताच लावा.

चोरी झालीच तर

रेकॉर्डरचे घड्याळ मोबाईलशी ताडून फरक लिहून ठेवा, पुढचे-मागचे अर्ध्या तासाचे चित्र मूळ स्वरूपात पेनड्राइव्हवर घ्या, आणि मूळ डिस्कला हात लावू नका. न्यायालयात ते टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. पोलिसांनी रेकॉर्डिंग मागितले तर लेखी मागा आणि दिल्याची पोच घ्या.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ते चित्र टाकू नका. अंधुक चित्रातला बांधकामावरचा कामगार संध्याकाळपर्यंत "चोर" ठरलेला असतो, आणि नंतरचा खुलासा तेवढ्या फोनांवर पोचत नाही.

पुढेमागे रेकॉर्डर विकला किंवा भंगारात दिला तर डिस्क काढून ठेवा, आणि कॅमेरे ॲपच्या खात्यातून एकेक करून वगळा. नुसता फॅक्टरी रिसेट केला तर पुष्कळ कॅमेरे जुन्या खात्याशी बांधलेलेच राहतात आणि नव्या मालकाला ते जोडता येत नाहीत.