सामुदायिक वायरलेस जाळ्यातील मोबदल्याची फसवणूक कशी रोखावी

नागरिकांनी घरात, गच्चीवर किंवा दुकानात हॉटस्पॉट (आसपासच्या उपकरणांचे रेडिओ संदेश टिपून पुढे पाठवणारे छोटे यंत्र) बसवून उभारलेल्या जाळ्यात मोबदला मिळतो तो परिसरात संदेशवहनाची सोय केल्याबद्दल. पण ती सोय खरोखर आहे का हे पाहायला कोणी येत नसल्याने, गिरगावातल्या एकाच खोलीत दहा यंत्रे मांडून ती विरार, मुलुंड आणि उरणला असल्याची नोंद करणे शक्य होते. २०१९ साली सुरू झालेल्या हीलियम नावाच्या अशाच जाळ्यात असे प्रकार घडले, कारण तिथे यंत्रांनी एकमेकांचे संकेत ऐकल्याच्या साक्षीवर टोकन, म्हणजे डिजिटल चलन, मिळत असे.

म्हणून संकेत कधी सोडायचा हे मालकाच्या हाती ठेवू नये. वेळ आणि संदेश यादृच्छिक असावेत, आणि प्रत्येक अहवालावर यंत्राच्या सुरक्षित चिपमधील खासगी किल्लीची स्वाक्षरी असावी. त्यामुळे संगणकावर खोटी यंत्रे चालवणे अवघड होते. मात्र खऱ्या यंत्राचा खोटा पत्ता स्वाक्षरीने पकडला जात नाही.

तो पकडण्यासाठी संकेताची तीव्रता तपासावी. भारतात लोरासाठी (कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारे रेडिओ तंत्र) ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा वापरतात. त्यात मोकळ्या हवेत एका किलोमीटरला सुमारे ९१ डेसिबल घट होते आणि अंतर दुप्पट झाले की आणखी ६ डेसिबल. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या लांबीइतके, म्हणजे ५.६ किलोमीटर अंतर धरले तर घट सुमारे १०६ डेसिबल होते. अँटेनासह प्रेषण ३० डीबीएमचे (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद) आणि ऐकणाऱ्या अँटेनाचा लाभ ३ डेसिबल असेल, तर पलीकडे साधारण उणे ७३ डीबीएमपेक्षा तीव्र संकेत अपेक्षित नाही. अहवालात उणे ५० असेल, तर यंत्रे सांगितल्यापेक्षा जवळ आहेत असा दाट संशय घ्यावा. अँटेनाची नोंद चुकल्याने चारसहा डेसिबलचा फरक पडतो, तेवीसचा सहसा नाही.

याउलट क्षीण संकेत हा गुन्ह्याचा पुरावा कधीही मानू नये. चाळीच्या तळमजल्यावरचे प्रामाणिक यंत्र परळच्या टॉवरांआड दबून जाते, आणि हे मुंबईत रोज घडते.

लबाडी करणारे ॲटेन्युएटर (संकेताची ताकद घटवणारा जोड) जोडून संकेत मुद्दाम क्षीण करतात, तेव्हा एकेका आकड्याऐवजी साक्षीदारांचे संबंध पाहावेत. एखादा गट केवळ आपापसात ऐकत असेल आणि त्याच भागातील इतर हॉटस्पॉटना त्यातले एकही यंत्र ऐकू येत नसेल, तर दुसऱ्या वॉर्डातील दोन स्वयंसेवकांनी आगाऊ सूचना न देता, आपले ठिकाण लोरावरून कळवत राहणारा लहान ट्रॅकर घेऊन, तो त्या यंत्रांना ऐकू येतो का हे पाहत त्या गल्ल्यांतून चालत फिरावे. माझ्या मते याहून भरवशाची तपासणी नाही. तोवर मोबदला राखून ठेवावा, जप्त करू नये.

प्रत्यक्ष डेटा वाहिल्याबद्दलचा मोबदला पाठवणाऱ्याने भरलेल्या रकमेहून अधिक कधीही नसावा, अन्यथा लोक स्वतःलाच संदेश पाठवून कमाई करतात.

यंत्र वगळताना मालकाला कारण आणि मोजमापे लेखी द्यावीत व अपिलाची मुदत ठेवावी. मोबदल्याची एकूण रक्कम ठरलेली असेल, तर एक हॉटस्पॉट वगळला की उरलेल्यांचा वाटा वाढतो. त्यामुळे अपिलाचा निर्णय त्याच भागातील हॉटस्पॉटच्या मालकांकडे सोपवू नये.