जुन्या क्यूबीबोर्डावर आजचं डेबियन कसं चढवावं

२०१२ साली आलेला क्यूबीबोर्ड, म्हणजे एकाच पाटीवरचा छोटा संगणक, बऱ्याच जणांच्या खणात अजून पडून असेल. ऑलविनर ए१० चिप, १ गिगाहर्ट्‌झचा एकुलता एक कॉर्टेक्स-ए८ कोअर, १ जीबी रॅम आणि त्या काळात या किमतीला सहसा न मिळणारा, हार्ड डिस्क जोडायचा साटा पोर्ट. घरच्या फाइल सर्व्हरला एवढं आजही पुरतं. अडतं ते सॉफ्टवेअरपाशी. चिपसोबत आलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ३.४ वरच थांबला, आणि मूळ ३.४ च्या दुरुस्त्याही २०१६ मध्ये बंद झाल्या. असा बोर्ड नेटवर्कला जोडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. म्हणून त्यावर आजचं डेबियन, ही लिनक्सवरची एक प्रणाली, चढवायची.

पोर्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर नव्या बोर्डावर चालवणं, म्हटलं की लोकांना वाटतं, आता ड्रायव्हर लिहावे लागणार. ए१० चे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये कधीच आलेत. कुठली पिन कशाला जोडली आहे, एवढंच कर्नलला नीट सांगायचं असतं. म्हणून हीच कृती क्यूबीबोर्डाच्या अनोळखी भावंडांनाही, म्हणजे ए१० च्याच इतर बोर्डांनाही, थोड्या फरकाने चालते.

आधी सिरीयल केबल

एचडीएमआयला टीव्ही जोडून सुरुवात करू नका. पडद्यावर काही दिसण्याआधी जे बिघडतं ते फक्त सिरीयल कन्सोलवर, म्हणजे केबलमधून लॅपटॉपवर येणाऱ्या मजकुरात, दिसतं. ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल घ्या. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळते. बोर्डावर चार पिनांचा हेडर आहे. केबलचा टीएक्स (पाठवणारी तार) बोर्डाच्या आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. चौथी, व्हीसीसीची पिन मोकळीच सोडा. वेग ११५२००.

पुरवठा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा हवा. मी एकदा मोबाइलचा जुना चार्जर लावला आणि मेमरी कार्ड वाचताना येणाऱ्या चुका दोन दिवस कर्नलमध्ये शोधत बसलो.

बूटलोडर

लॅपटॉपवर डेबियन किंवा उबुंटू असेल तर आर्म हार्ड-फ्लोटचा जीसीसी क्रॉस-कंपायलर (लॅपटॉपवर बसून बोर्डाच्या आर्म चिपसाठी प्रोग्राम बनवणारा), बायसन, फ्लेक्स, स्विग, पायथन आणि ओपनएसएसएलची डेव्हलपमेंट पॅकेजेस टाका. यू-बूट हा बूटलोडर, म्हणजे आधी चालून कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्राम. त्याचा सोर्स उतरवा, त्यातलं क्यूबीबोर्डचं डेफकॉन्फिग (तयार सेटिंग्ज) निवडा आणि मेक चालवा. शेवटी एसपीएलसकट, म्हणजे रॅम सुरू करणाऱ्या पहिल्या छोट्या तुकड्यासकट, एकच बायनरी फाइल मिळते.

ती कार्डावर कुठे जाते हे समजून घ्या. चिपमधला कायमचा बूट-रॉम कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबीवर बूटलोडर शोधतो; तिथे फाइल सिस्टिमचा काही संबंध नाही. म्हणून कार्डावर थेट लिहिणाऱ्या डीडी या कमांडला ब्लॉक आकार १०२४ आणि सीक (सुरुवातीचे किती ब्लॉक सोडायचे) ८ द्यायचा. पहिलं पार्टिशन १ एमबीपासून सुरू करा आणि पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर पद्धतीचं ठेवा. नेहमीचं जीपीटी टेबल पहिले १७ केबी व्यापतं, म्हणजे बूटलोडर नेमका त्याच्यावर जाऊन बसतो. आणि डीडीचा एंटर दाबण्यापूर्वी डिस्कचं नाव दोनदा वाचा. लॅपटॉपची डिस्क पुसणारे तुम्ही पहिले नसाल.

कार्ड घालून पुरवठा द्या. सिरीयलवर यू-बूटची आवृत्ती आणि रॅमचा आकडा दिसला की मोठा टप्पा पार पडला. काहीच दिसलं नाही, तर आधी टीएक्स-आरएक्स अदलाबदल करून पाहा, मग ८ केबीचा हिशेब तपासा. एसपीएलची ओळ येऊन रॅमपाशी सगळं थांबलं, तर रॅमची सेटिंग्ज चुकली आहेत.

बोर्ड कायमचा मेला, अशी भीती बाळगू नका. कार्डावर किंवा नँडमध्ये (बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीत) बूट करण्याजोगं काहीच सापडलं नाही की बूट-रॉम फेल मोडमध्ये जातो. हे ‘फेल’ नाव आहे, नापास होणं नव्हे. या मोडमध्ये मिनी यूएसबी पोर्टातून, ऑलविनर चिपसाठीच्या सनएक्सआय-टूल्समधल्या फेल साधनाने यू-बूट थेट मेमरीत पाठवता येतं. कार्डाची गरजच नाही.

कर्नल आणि डिव्हाइस ट्री

कर्नलच्या सोर्समध्ये सनएक्सआयचं डेफकॉन्फिग घ्या. झेड-इमेज (कर्नलची फाइल), डीटीबी आणि मॉड्यूल्स बनवा. कुठली पिन कशाला जोडली आहे हे कर्नलला सांगणारा तक्ता म्हणजे डिव्हाइस ट्री. तो डीटीएस या मजकूर फाइलीत लिहितात आणि तिच्यातून डीटीबी बनते. जुन्या मार्गदर्शकांत डीटीएस फाइलचा जो पत्ता दिलेला असतो तिथे ती आता सापडणार नाही. ६.५ पासून आर्मच्या या फाइली कंपनीवार फोल्डरांत गेल्या आहेत, आपली ऑलविनरच्या फोल्डरात आहे.

हातातला बोर्ड क्यूबीबोर्ड नसून त्याचं भावंड असेल, तर खरं काम इथे आहे. मूळ अँड्रॉइडमध्ये बूट पार्टिशनवर स्क्रिप्ट नावाची एक बायनरी फाइल असते. तिच्यात त्या बोर्डाची सगळी जोडणी असते. बिन-टू-फेक्स साधनाने ती वाचता येणाऱ्या मजकुरात, म्हणजे फेक्स फाइलीत, बदला. मग क्यूबीबोर्डची डीटीएस फाइल नव्या नावाने कॉपी करून एकेक विभाग शेजारी ठेवून जुळवत जा.

उदाहरणार्थ, कार्ड आत आहे की नाही हे ओळखणारी पिन क्यूबीबोर्डवर पीएच १, म्हणजे एच गटातली १ क्रमांकाची, आहे. डीटीएसमध्ये अक्षरं चालत नाहीत, गटाचे आकडे लागतात. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं मोजत एच म्हणजे ७. म्हणून पीएच १ तिथे ‘७ १’ होते. तशीच हिरव्या दिव्याची पीएच २० ही ‘७ २०’ आणि निळ्याची पीएच २१ ही ‘७ २१’. सुरुवात दिव्यांपासून करा, कारण तिथे चूक झाली तरी काही जळत नाही. मग कार्ड, मग यूएसबी, नेटवर्क सगळ्यात शेवटी. व्होल्टेज ठरवणाऱ्या एएक्सपी२०९ चिपच्या नोंदी मात्र अंदाजाने बदलू नका. तिथे चूक झाली तर जळतं.

फेक्समधल्या रॅमच्या विभागातले आकडे डीटीएसमध्ये जात नाहीत, यू-बूटच्या डेफकॉन्फिगमध्ये जातात. क्यूबीबोर्डला रॅमचा वेग ४८० मेगाहर्ट्‌झ दिलेला आहे. शंका असेल तर तो कमी करून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळचा सिरीयल लॉग जपून ठेवा.

डेबियन

कार्डावर एक्स्ट-४ पार्टिशन बनवून त्यात डीबूटस्ट्रॅप या डेबियनच्या साधनाने आर्मएचएफ (३२ बिटी आर्मची) आवृत्ती उतरवा. दुसरा टप्पा लॅपटॉपवरच क्यूईएमयूच्या (आर्मचे प्रोग्राम लॅपटॉपवर चालवणाऱ्या साधनाच्या) मदतीने पुरा होतो. रूटचा पासवर्ड, एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) आणि मॉड्यूल्स विसरू नका. पासवर्ड तर हमखास राहतो. डेबियन १३ घेतलंत तर आणखी एक फायदा आहे: ३२ बिटी आर्मवर तिथे वेळ ६४ बिटांत मोजली जाते, त्यामुळे ३२ बिटी घड्याळ २०३८ मध्ये संपण्याचा प्रश्न मिटतो.

बूटच्या फोल्डरात एक्स्टलिनक्सची, म्हणजे यू-बूट वाचतो ती, छोटी मजकूर फाइल ठेवा. तिच्यात तीन गोष्टी लागतात: कर्नल कुठे आहे, डीटीबी कुठे आहे, आणि कर्नलला सांगायच्या सूचना, म्हणजे पहिल्या सिरीयल पोर्टवर कन्सोल, रूट पार्टिशन आणि रूटवेट (कार्ड तयार होईपर्यंत थांब, अशी सूचना). रूटवेट नसेल तर कार्ड तयार होण्याआधीच कर्नल ते शोधतो आणि पॅनिक होतो.

‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ येऊन पुढे शांतता पसरली, तर दहापैकी आठ वेळा डीटीबी चुकीची किंवा कन्सोलचं नाव चुकलेलं असतं. सूचनांत अर्लीकॉन (अगदी सुरुवातीपासून कन्सोलवर लिही, अशी सूचना) जोडा म्हणजे कर्नल कुठवर पोचला ते कळेल.

बोर्डावरच्या नँडच्या नादी लागू नका. ती एमएलसी (एका पेशीत एकाहून जास्त बिट साठवणाऱ्या) जातीची आहे आणि मुख्य कर्नलमधलं यूबीआय, म्हणजे नँड सांभाळणारा भाग, एमएलसीला हात लावत नाही. माली-४०० ग्राफिक्सला लिमा ड्रायव्हर २०१९ च्या ५.२ कर्नलपासून मिळाला, पण या कोअरवर डेस्कटॉप चालवणं म्हणजे संयमाची परीक्षा आहे.

साटा डिस्क मात्र जरूर जोडा. लॉगिन मिळाल्यावर सगळी फाइल सिस्टिम डिस्कवर कॉपी करा, डिस्कवरच्या एफएसटॅबमध्ये आणि कार्डावरच्या एक्स्टलिनक्स फाइलमध्ये रूटचं पार्टिशन बदला, आणि बोर्ड पुन्हा सुरू करा. त्यानंतर कार्डाकडे बूटलोडर आणि कर्नल एवढंच काम उरतं.